सादा 'आ'

सोनागिरी, भोपाळ

प्रिय सुचेता,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईचे गुडघे आता जिना चढू देतात का? बाबांची साखर आटोक्यात आहे ना, की अजून संत्रा बर्फी कपाटात दडवून खातात? जयंताच्या हाताचं प्लॅस्टर निघालं का? आणि तू कशी आहेस? खरेदीच्या धावपळीत जेवणाची आबाळ करू नकोस, नवरीनं कसं टवटवीत दिसावं.

तुझी मामी ठणठणीत आहे. माझी गंमत मात्र सविस्तर सांगायला हवी. गणपतीत टाउनशिपच्या मंडळाचा माईक बिघडला आणि मी रोज उघड्या गळ्यानं आरत्या ओढल्या. कारखान्याच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस मी, मला कसला माईक हवा, असा तोरा! विसर्जनाला घसा बसला तो दिवाळी झाली तरी उठेना. सोमवारचं भजन थांबलं, पेटीवर खोळ चढली. रेडिओ ऐकून ऐकून शिकलेलं माझं गाणं, त्याला ना गुरू ना घराणं. ते गेलं तर आपण नुसते पेन्शनर उरलो, असं वाटून मी घरात गप्प बसू लागलो. मामी म्हणाली, "इतकी शांतता मला लग्नापासून मिळाली नव्हती," पण म्हणताना तिचाच चेहरा उतरला होता.

हबीबगंजला घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. सूज दिसते, पण आवाज मोजून घ्या म्हणाले. आवाज मोजतात हे मला नवीनच! एका खोलीत माईक आणि कॉम्प्युटर. तिथले गृहस्थ म्हणाले, "अंकलजी, सादा 'आ' निकालिए, लंबा." वर पंखा घरघरत होता, त्यात माझे कान कारखान्यानं आधीच अर्धे ठेवून घेतलेले. मला ऐकू आलं, "सा का आ निकालिए." म्हटलं वा, जाणकार दिसतात! डोळे मिटले, खालून अलगद मींड घेऊन षड्ज लावला आणि शेवटी हलकेच झुलवला. घसा बसला होता, हौस कुठे बसली होती! कागद हातात आला आणि डॉक्टर गंभीर झाले. आवाजात फार कंप आहे, नसांचा विकार असू शकेल, कदाचित ऑपरेशन, मग गाणं विसरा. पुन्हा मोजलं. मी अधिक मन लावून गायलो, तर आकडे आणखी वाईट! माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तिसऱ्या खेपेला तिथे नवीन बाई होत्या, सुनंदा, आपल्या अमरावतीच्या. दोन वेळचे आकडे इतके वेगळे कसे, म्हणून त्यांनी आधीचं रेकॉर्डिंग लावलं आणि खुदकन हसल्या. "काका, हे थरथरणं नाही. तुम्ही तं गाऊन राहिले!" मग समजावून सांगितलं, की आवाज किती हलतो एवढंच मशीन मोजतं, तो आजारानं हलतो की हौसेनं, हे त्याला कळत नाही. त्यांनी पंखा बंद केला, माईक तोंडापासून नेमक्या अंतरावर लावला आणि म्हणाल्या, "आता सरळ 'आ', आणि तोही पुन्हा पुन्हा. एका मोजणीवर मी कुणाला आजारी ठरवत नाही."

पण सरळ 'आ' मला येईना गं! सुरुवात बरी व्हायची आणि मध्येच तो वळण घ्यायचा. शेवटी सोबत आलेली मामी वैतागली. "अहो, दातांच्या डॉक्टरपुढे करता तसा 'आ' करा की!" आणि निघाला, अगदी रुळासारखा सरळ. सुनंदाताईंनी तो कितीदा तरी काढून घेतला, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. या वेळी आकडे एकमेकांशी जुळले. डॉक्टरांनी ते स्वतः नीट पाहिले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. नसा ठीक आहेत, ऑपरेशन नको. ओरडण्यानं आलेली सूज आहे, ती उतरेल. हल्ली मी सुनंदाताईंनी शिकवल्याप्रमाणे ग्लासभर पाण्यात नळी घालून सुरात बुडबुडे काढतो. हाच माझा रियाज, आणि शेजारचे श्यामबाबू खिडकीतून दाद देतात!

आता खरं कारण सांगतो. मंगलाष्टकं मामानंच म्हणायची, असा तुझा फोन आला, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. त्याच्या आदल्या दिवशीच ऑपरेशनची गोष्ट निघाली होती, म्हणून मामीला खुणेनं 'नाही' म्हणायला लावलं. तुझा हिरमोड झाल्याचं तिनं सांगितलं. तर बाळ, ते 'नाही' मी परत घेतो. लग्नापर्यंत गळा मोकळा होईल, असं सुनंदाताई म्हणतात. थोडा जाडसर राहिला तर राहू दे, अक्षता पडायच्या थांबणार नाहीत. दुसऱ्या कुणाला सांगितलं असलंस तर त्यांनाही म्हणू दे, एक कडवं मात्र माझ्यासाठी राखून ठेव. आणि नवरदेवाचं, त्याच्या आईवडिलांचं, कुलदैवताचं नाव सुवाच्य अक्षरात कळव. सगळी वृत्तात बसवायची आहेत. जावयाचं नाव लांबलचक असेल तर घरी काय म्हणतात तेही लिही. फोन करू नकोस, मामी मला बोलू देत नाही. आज पत्र मिळालं तर आजच उत्तर टाक, पहिली ओळ अडून बसली आहे.

तुझाच,
प्रभाकरमामा