तुळशीचं पान घातलेलं पुस्तक

भामीच्या बाबांस,

सोमवार आहे, कंकालेश्वराला जाऊन येते. भाकरी शिंक्यात आहे.

पुण्याहून टपालानं तीन नवी पुस्तकं आलीत. एकात माणसं मंगळावर जातात म्हणे. तुमच्या न वाचलेल्या ढिगावर ठेवलीत. लेक गेल्यापासून तुम्ही त्या ढिगाला हात लावला न्हाई, म्हणून तुम्ही परत वाचेपर्यंत मी मीठ सोडलंय. सांगणार नव्हते, पण आता लई थकवा येतो.

नवी राहू द्या. सगळ्यात खाली चंद्रावरच्या प्रवासाचं पुस्तक आहे. भामीला वाचून दाखवताना तुम्ही जिथं थांबलात, तिथं मी तुळशीचं पान घातलंय. तापात पोर सारखी विचारायची, “आई, ती माणसं घरी परत आली का गं?”

मला तेवढं वाचून दाखवा.