पखालीवाल्याचा खाना

बाबा, पखालीवाल्याच्या बाबतीत तुमचे म्हणणे चुकीचे होते. हे मी त्या दिवशी ओसरीवर तुमच्या तोंडावर सांगितले होते आणि आजही सांगते. आता तुम्ही उत्तर देऊ शकत नाही, हा काही माझ्या म्हणण्याच्या बाजूचा पुरावा नव्हे, एवढे मला कळते. आयुष्यभर गणित शिकवले आहे. पण सकाळपासून या एका मुद्द्यापाशी मी अडले आहे. उठते, खिडकी उघडते, बंद करते, पुन्हा कागदापाशी येते. दादाच्या नातीला आपल्या मातीच्या लढाईचे नियम हवे आहेत. पोळ्याला ती पुण्याहून देऊळगाव राजाला जाणार, दुसऱ्या दिवशी, करीला, दादाबरोबर ओसरीवर तो खेळ मांडणार आणि पुढे तो आपल्या मित्रमंडळींत नेणार. तिने नियम दादाकडे मागितले. दादा म्हणाला, ‘‘मले काय इचारतं? नियम तुह्या आजीपाशी. मी त नियम मोडणारा माणूस.’’ ही आजी म्हणजे मी. सगळे लिहून झाले आहे, एक ओळ सोडून.

ती मुलगी स्वतः असलाच एक खेळ खेळते, हे तुम्हाला सांगायला हवे. परदेशातून पेटीत येणारे अंगठ्याएवढे योद्धे, राक्षस, पंखांचे प्राणी; बारीक कुंचल्याने ती ते रंगवते आणि टेबलावर सैन्ये समोरासमोर उभी करते. दिवाळीत ती त्या खेळाच्या जुन्या-नव्या नियमपुस्तिका घेऊन माझ्याकडे आली आणि मी त्या परीक्षकाच्या नजरेने वाचून काढल्या. भाषा सुमार, व्याख्या ढिल्या. पण सैन्य कसे उभारायचे, या प्रकरणापाशी मी थबकले. सुरुवातीला ज्याच्याकडे जे असेल ते त्याने आणावे, फार तर तिसऱ्या कोणी दोन्ही बाजू नेमून द्याव्या. मग प्रत्येकाला मोल आले आणि दोन्ही बाजूंची बेरीज समान असावी असे ठरले. मग लोकांनी सगळे मोल दोन-चार महावीरांवर उधळले, म्हणून वाट्यांचे बंधन आले: सेनापतींवर इतकाच भाग, पायदळावर निदान इतका. पुढे वाटे गेले आणि खाने आले: अमुक घेतलेच पाहिजेत, तमुक मोजकेच, दुर्मीळ ते एखादेच. एकदा तर सारी बंधने काढून टाकली, आवडेल ते आणा म्हणाले. ओरड झाली आणि मोल परत आले. मी पुस्तिका मिटल्या आणि त्या मुलीला म्हटले, ‘‘हे सगळे आमच्या ओसरीवर होऊन गेले आहे.’’ ती हसली. तिला वाटले, म्हातारी बढाई मारते आहे. मारत होतेच, पण खरी.

महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हाची गोष्ट. तुम्ही बाजारात मापारी. ज्वारीची, तुरीची पोती तुमच्या काट्यावर चढत आणि तुम्ही मोठ्याने मोजत, पहिल्याला कधीही ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत, मग दोन, तीन. करीच्या दिवशी बाजार बंद, बैल विसाव्याला, आणि पोळ्यासाठी केलेल्या मातीच्या बैलांची उरलेली माती कोपऱ्यात ओल्या पोत्याखाली. तिचेच तुम्ही सैन्य करायला शिकवलेत. काळ्या मातीला वाळताना भेगा जातात म्हणून तिच्यात शेण आणि पिंजलेला कापूस मळायचा, हेही शिकवलेत. पायाचे सैनिक, घोडेस्वार, वानर, वेताळ, घोड्याच्या तोंडाचे यक्ष, आणि राक्षस. कवड्या फेकायच्या, पडतील तितक्या विती पुढे सरायचे. पहिल्या वर्षी नियमच नव्हता. ज्याने अधिक माती मळली तो जिंकला, आणि तो अर्थात दादा होता. मी रडले नाही. मी म्हणाले की हा खेळ नव्हे, ही मातीची मोजणी आहे. तुम्ही माझ्याकडे जरा रोखून पाहिलेत आणि आत जाऊन घरचा तराजू घेऊन आलात.

तुमचा तो नियम सुंदर होता, हे मान्य करायला मला कधीच जड गेलेले नाही. एका पारड्यात दादाचे सैन्य, दुसऱ्यात माझे. दांडी सरळ झाली की लढाई सुरू. वजनाची गरजच नाही. त्याच सुमारास शेर जाऊन किलो आले होते, बाजारात रोज कोणीतरी तुमच्याशी वाद घालत असे, आणि तुम्ही घरी येऊन म्हणत असा, ‘‘सरकारनं वजनं बदलली, पारडं त बदललं नाही ना?’’ पण पारडे फसते, बाबा. पुढच्याच वर्षी दादाने वीतभर उंचीचा राक्षस आणला. त्याच्या अक्राळविक्राळ देहाच्या मानाने तो इतका हलका, की माझ्या बाजूचे निम्मे सैन्य मला काढून ठेवावे लागले. मी हरत होते आणि का हरते आहे ते कळत नव्हते. शेवटी उंबऱ्याचा धक्का लागून त्या राक्षसाचे पोट फुटले आणि आतून दोडक्याची वाळलेली जाळी बाहेर आली.

‘‘अबे, ह्याच्या पोटात त दोडका हाय,’’ तुम्ही म्हणालात.

‘‘राक्षस काय भरल्या पोटी लढते काय, बाबा? उपाशी हाय म्हणून त जोरात हाय,’’ दादा म्हणाला.

आई आतून ओरडली, ‘‘माह्या शिंक्यावरचा दोडका कोण नेला ते आता समजलं.’’ तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मी हसले नाही. मला त्या क्षणी स्वच्छ दिसले की वजन हे सामर्थ्याचे माप नाही, आणि जे मापच नाही त्यावर न्याय उभा राहत नाही.

मोलांचा तक्ता तिथून आला. कोण किती वेळ टिकतो आणि कितीजणांना आडवे करतो, हे मी एक अख्खी सुट्टी लढाया खेळून पाहिले, आणि प्रत्येकाला अंक दिला. तुम्ही तो तक्ता देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीला भाताच्या शिताने चिकटवलात आणि अमडापूरहून आलेल्या पाहुण्यांना दाखवलात, ‘‘पोरीनं केलं हे.’’ दादाने त्यातही छिद्र शोधले; त्याने नुसते वेताळ आणले, कारण स्वस्तात भीती मिळत होती. म्हणून मी वाटे केले. वाटे झाल्यावर त्याने निम्मे पायदळ आणले खरे, पण सगळे मागे भिंतीला टेकवून ठेवले. म्हणून पुढे खाने केले. प्रत्येक नियम दादाच्या एकेका लबाडीचे स्मारक आहे, आणि त्यांतला एकही मी आज मागे घेणार नाही.

फक्त तुमचा पखालीवाला राहिला. कमरेत वाकलेला, पाठीवर पाण्याची फुगलेली पखाल. तो लढत नसे. पडलेल्या सैनिकाला त्याने स्पर्श केला की तो पुन्हा उठे, कोणत्याही बाजूचा असो. पारड्याच्या काळात तुम्ही जिच्या किंवा ज्याच्या बाजूने बसाल तिथे सर्वांत आधी त्यालाच पारड्यात ठेवत आणि ‘लाभ’ म्हणत. पखालीमुळे तो जड. त्याच्यापायी आपल्या बाजूचे दोन-तीन स्वार कमी होत. मी तुमच्या बाजूला असले की चिडायची. तुम्ही म्हणत, ‘‘कोणी ना कोणी आणाच लागते त्याले.’’

तो दिवस मी पुन्हा पुन्हा मांडून पाहते. शिकायला गेलेली मी नागपूरहून सुट्टीत आले आहे, खान्यांचा नवा तक्ता सुवाच्य अक्षरात लिहून आणला आहे. ओसरी सारवलेली, तुम्ही भिंतीला टेकून बसलेले, चष्मा कपाळावर चढवून कागद वाचता आहात. दादा कवड्या खुळखुळवतो आहे. तुम्ही हातात पखालीवाला घेता.

‘‘ह्याचा खाना कोणता, बाई?’’

‘‘त्याला खाना नाही, बाबा. तो दोघांनाही सारखाच उपयोगी. त्याचे मोल काढले तर शून्य येते.’’

‘‘शून्य येते त मंग फुकटात घेऊ दे.’’

‘‘फुकट काही घेता येऊ लागले तर तक्त्याला अर्थ काय?’’

‘‘आता माह्यंच पाहा. बजारात इकणारा येते अन् घेणाराबी येते. मी कोण्या बाजूचा?’’

‘‘तुम्हाला तोलाई मिळते. त्याला कोण देते?’’

तुम्ही हसलात. ‘‘हे बराबर बोलली,’’ असे म्हणालात, हे दादालाही आठवते. मग पखालीवाल्याला तळहातावर फिरवत तुम्ही म्हणालात, ‘‘मी माह्या वाट्यातून आणतो त्याले. स्वार कमी घेतो.’’ मी म्हणाले, नियमात ज्याला जागा नाही त्याच्यासाठी वाटा खर्च करता येत नाही. एकदा सूट दिली की दादा पखालीत वेताळ लपवून आणेल. दादा म्हणाला, ‘‘आणीनच.’’ तुम्ही कागदाची घडी घातलीत, माझ्या हातात दिलीत आणि उठलात. रागाने नव्हे. ‘‘मंग तुम्ही दोघं खेळा,’’ म्हणालात, आणि पखालीवाल्याला खिडकीच्या कोनाड्यात ठेवून बाहेर गेलात. आम्ही दोघे खेळलो. निर्दोष लढाई झाली. जे पडले ते पडलेलेच राहिले, आणि खेळ लवकर आटोपला. पुढचा पोळा यायच्या आत तुम्ही गेलात.

मला पश्चात्ताप आहे असे समजू नका. पश्चात्ताप चूक केल्याचा होतो, आणि माझा युक्तिवाद चुकीचा नव्हता. दोन्ही बाजूंना समान लाभ देणाऱ्या वस्तूचे सापेक्ष मोल शून्यच असते. त्यासाठी एकाच बाजूने स्वतःच्या वाट्यातून देणे हे असंतुलन आहे, आणि सैन्य उभारण्याच्या नियमांचे सगळे प्रयोजनच असंतुलन टाळणे हे आहे. मला अस्वस्थ करते ते वेगळेच. त्या मुलीच्या पुस्तिकांत, एकामागून एक आवृत्त्यांत, मी असा एखादा तरी नियम शोधला. बरे करणारे आहेत, पण आपल्याच बाजूच्यांना. शत्रूलाही उठवणारा कोणी मला सापडला नाही. म्हणजे त्यांनीही तुमच्या पखालीवाल्याला बाहेरच ठेवले, किंवा त्यांच्यात तो आणणारा कोणी नव्हताच. एवढ्या अनोळखी लोकांनी माझ्या बाजूने कौल दिला, तर मला समाधान वाटायला हवे होते.

गेल्या आठवड्यात दादाने बसने डबाभर काळी माती पाठवली. ‘‘नमुना म्हणून ठेव,’’ म्हणाला. हसत होता, हे फोनवरही कळते. मी पखालीवाला करायला घेतला. पखाल वाळताना तडकून गळून पडली, कारण कापूस मळायचा राहिला होता. माझ्या हातून असले काही राहत नाही. दुसरा खिडकीत वाळतो आहे. त्याची पाठ तुमच्या त्याच्याइतकी वाकलेली नाही, चेहरा जरा शिष्ट आला आहे.

नियम संध्याकाळी पाठवीन. मोल, वाटे, खाने, सगळे क्रमाने आणि क्रमांकाने. शेवटी ती ओळ आता लिहिली आहे: ‘पखालीवाला असल्याशिवाय लढाई सुरू करू नये, दोघांपैकी कोणीतरी त्याला आपल्या वाट्यातून आणावे, कोणी, ते नियम सांगत नाही.’ नियम म्हणून ही ओळ सदोष आहे. माझ्या विद्यार्थ्याने लिहिली असती तर मी तिच्यावर लाल रेघ ओढली असती. हे पत्र कुठेच जायचे नाही, म्हणून एवढे सांगते, बाबा: ती ओळ मी खोडली नाही, पण तिला क्रमांकही मला देता आलेला नाही.