तिरका तळहात

प्रिय बाबा,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध, म्हणून आज पुण्याहून विमानानं आले, तेही सर्दीनं नाक चोंदलेलं असताना. उतरताना डावा कान असा दुखला की डोळ्यांत पाणी आलं. आणि विमान तर किती सावकाश उतरलं! बाहेर टॅक्सीवाल्याला आपल्या घरचा पत्ता, बेसा म्हणून सांगितला, तर तो म्हणतो, "मॅडम, ओरडून काहून राहिल्या? मले ऐकू येते ना!"

ओरडू नका, हेच मीही एकदा तुम्हाला म्हटलं होतं. म्हणून घरी येताच लिहायला बसले.

लहानपणी तुमची ती गोष्ट मला तोंडपाठ होती. सैन्याचं जुनं मालवाहू विमान, मागे सामान बांधायला तुम्ही, खाली दरीत एवढीशी धावपट्टी. तळहात तिरका धरून सांगायचात, "साध्या विमानावाणी नाही उतरत वं ते, वंदू. मधात डोंगर! तो ओलांडला का असं, नाक खाली घालून!" मी खिदळायचे आणि पुन्हा सांगायला लावायचे.

सर्दी असताना चढायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? पण वरच्या चौकीत रॉकेल संपलं होतं आणि तुमच्या जागी जायला कोणी नव्हतं. तुम्ही सर्दी लपवलीत. त्या उतारात डाव्या कानाचा पडदा फाटला, आणि तेव्हापासून तुमचा आवाज चढला तो चढलाच. बाबा, हे सगळं मला माहीत होतं! माहीत नसतं तर आज इतकी लाज वाटली नसती.

माझ्या साक्षगंधात तुम्ही पाहुण्यांना तोच उतार सांगायला घेतलात. आवाज हॉलभर गेला, होणाऱ्या सासूबाईंच्या भुवया वर गेल्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, ओरडू नका ना. पुरे आता ते विमान." तुम्ही तिरका हात मांडीवर ठेवलात. "हो बेटा," म्हणालात, इतकं हळू की मलाच नीट ऐकू आलं नाही.

पुढे ती गोष्ट तुम्ही कोणालाच सांगितली नाहीत, नातवालासुद्धा! एकदा रागवायचं तरी होतं माझ्यावर. मीही माफी दिवाळीवर, मग उन्हाळ्यावर ढकलत राहिले. शेवटी दवाखान्यात मागितली, तीही तुमच्या डाव्या कानाशी. त्या कानाला ऐकू येत नाही, हे ठाऊक असूनच.

उद्या सासरची सगळी जेवायला येतील, सासूबाईही. पानं वाढली की मी तो उतार सांगणार आहे, हात तिरका करून, तुमच्याएवढ्या आवाजात. साक्षगंधात मी काय बोलले तेही सांगणार. कोणी "हळू" म्हटलं तरी थांबणार नाही, बाबा.

तुमची,
वंदू