डोळे दाखवायला नांदेडला

माय,

"माझ्या सुनेला कावळा बी घड्याळ बघून शिवतो," असं आजी शेजारणीला कौतुकानं सांगायची. मागच्या पडवीत वेगळी बसलेली तू भाजल्या शेंगा सोलत ते ऐकायचीस, मान वर न करता.

उमरीच्या घरी मला पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा मीही तुझ्या शेजारी येऊन बसले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, लुगड्याच्या आडोशाला वाळताहेत ती कापडं फक्त माझीच आहेत. "माय, तुझी कुठं हायत?" तू एक दाणा माझ्या तोंडात कोंबलास. "गप. लई शानी हायस."

दर तीन महिन्यांनी तू नांदेडला डोळे दाखवायला जायचीस. चष्मा मात्र कधी आला नाही. पुढच्या खेपेला मला सोबत नेलंस. डॉक्टरीणबाईंनी तुझ्या दंडात सुई दिली, म्हणाल्या, "चोळू नका." परतताना बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत बोललीस, "तुमी तिघी पोरी हायता, बास झालं. आजीला नातू पायजे, पर पोट माझं हाय." दिवस राहू न देणाऱ्या त्या सुईनं तुझी पाळीच थांबली होती. बाहेर बसली नसतीस तर दिवस राहिले समजून आजी नवस बोलून मोकळी झाली असती. म्हणून महिन्याच्या महिन्याला ते खोटं बसणं.

आज लातूरच्या दवाखान्यात मला तीच सुई सुचवली. इथल्या डॉक्टरीणबाई सांगताहेत, मध्येच डाग दिसतील, पाळी थांबेलही, वजन वाढू शकतं, डोकं दुखू शकतं. आणि मला तू दिसतेस, कपाळाला फडकं आवळून बांधलेली, आजी म्हणतेय, "बसून खाऊन सुटली बघा." तुला हे कुणी आधी सांगितलं होतं का गं? पहिल्यांदा पाळी चुकली तेव्हा घाबरली नाहीस? की ठणकत्या डोक्याला बसून काढायचे ते चार दिवस विसाव्याचेच वाटायचे?

"आईनं कधी घेतली होती? काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं. आजी जाऊन किती वर्षं झाली, तूही गेलीस. तरी माझ्या तोंडून "नाही" निघालं.

उद्या पुन्हा बोलावलंय. माझंही डोकं तुझ्यासारखंच धरतं. सुई घ्यायची की नाही ते ठरण्याआधी तुझं त्यांना कळायला हवं. सांगू दे ना, माय. त्या एकाच बाईला.

दाणा घेऊन माझ्या तोंडाशी आलेला तुझा हात मला दिसतोय.