नाकात तेल, डोक्यावर तळं

ओट्टप्पालम,
३ फेब्रुवारी १९७४

चि. शंकुण्णीस, अ. उ. आ.

आशीर्वाद दिला, आता बोलणी खा. वैद्यरांचं पत्र आलं. सात दिवसांच्या नस्याच्या पाचव्या दिवशी तू देवळाच्या तळ्यात डोक्यावरून बुडी मारलीस म्हणे! ते बिचारे चेहरा शेकून, तळवे चोळून नाकात कोमट तेल सोडतात आणि तू वर थंड पाणी ओततोस? पेज ओठांतून गळायची थांबली होती, डावा डोळा पुन्हा नीट मिटू लागला होता. आता तोंड पुन्हा वाकडं! आठ दिवस बिनआंघोळीचं राहवेना? देवीच्या पूरम उत्सवात कोंबूचं शिंग काय कानानं फुंकणार आहेस?

माझा अच्युतन त्याच दिवशी केळ्याचे काप घेऊन तुझ्याकडे आला होता. मामा झोपला होता म्हणाला. काप तरी मिळाले ना?

तुझ्यावर चिडलेली, पण तुझीच,
ओप्पोळ दाक्षायणी

चेरुतुरुत्ती,
७ फेब्रुवारी

ती. ओप्पोळला शि. सा. न.

ताई म्हणून ऐकून घेतलं. आता तू ऐक. काप मिळाले नाहीत. मी झोपलोही नव्हतो.

त्या सकाळी काढा आणणारी बाई म्हणाली, देवळाचं देवस्वम मंडळ आज पूरमच्या पहिल्या कोंबूचा मानाचा विडा दुसऱ्याला देणार. वाकड्या तोंडाचा माणूस देवीपुढे शोभत नाही म्हणे. चाळीस वर्षं शोभलो! फुंकून दाखवावं म्हणून उठलो. अंघोळीवाचून देवळात पाऊल कसं टाकू? म्हणून बुडी मारली. कोंबू ओठाला लावला तर नुसती हवा आणि लाळ. लोक हसले. विडा घेणारा हसला नाही, खाली बघत राहिला. तो तुझा अच्युतन होता.

लोभ आटवू नकोस.
शंकुण्णी

ओट्टप्पालम,
११ फेब्रुवारी

चि. शंकुण्णीस आशीर्वाद.

मला खरंच ठाऊक नव्हतं रे. लेकाला विचारलं, तर त्यानं रडत सगळं कबूल केलं. त्याला घेऊन देवळात गेले आणि विडा देवस्वमच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, माझ्या भावाच्या तोंडाला हसणाऱ्यांनी आधी स्वतःची तोंडं आरशात बघावीत! यंदा पहिली जागा रिकामी राहील. आपल्या घरातलं कुणी तिथं उभं राहणार नाही.

माझ्या पोराचा अपराध पोटात घाल.
ओप्पोळ

चेरुतुरुत्ती,
१४ फेब्रुवारी

ती. ओप्पोळला नमस्कार.

हे काय करून बसलीस? कुणी सांगितलं होतं विडा परत करायला? अकरा वर्षं त्या पोराला शिकवलं, ते काय देवीपुढची जागा ओस पाडायला? विडा घेतला याचा मला राग नाही. मला न विचारता घेतला आणि तुझ्याशी खोटं बोलला, याचा आहे. मामाला तोंड दाखवायला इतका कसला घाबरला गाढव?

आजच्या आज जाऊन विडा परत आण आणि त्याला इकडे धाड. नस्य पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू आहे. तेल घेतल्यावर मला बोलायची बंदी आहे, म्हणजे शिव्या बसणार नाहीत. सुरुवातीचा लांब सूर तो घाईनं सोडतो, तेवढा हाताच्या खुणांनी बसवून घेईन.

आणि त्याला बजाव, पुढच्या वर्षी ती जागा मी त्याच्या बरोबरीनं फुंकून परत घेणार आहे. दयेनं रिकामी ठेवलेली जागा मला नको.

तुझ्या रागाचा आणि मायेचा धनी,
शंकुण्णी