ओल्या काचेवरची बोटं

३ मार्च

ती. आत्यास शि. सा. न.

तलावात बुडालेल्या गाडीची बातमी तू वाचलीच असशील. मालक गेले, ड्रायव्हर वाचला. साहेबांना सोडून पळाला, असं सगळे म्हणतात. तो म्हणतो, मी पुन्हा बुडी मारून मागची अर्धवट उघडी काच दोन्ही हातांनी खाली ओढत होतो. पटणार कुणाला? सध्या तो कोठडीत आहे.

ती काच तलावाच्याच पाण्यात बुडवून पोलिसांनी आमच्या प्रयोगशाळेत आणली. मी शहाणी, पंख्याखाली वाळवायला निघाले. आमच्या प्रमुख बाईंनी पंखा बंद केला. वाळली की गाळ घट्ट बसतो, ओली वस्तू ओलीच तपासायची, म्हणाल्या. उद्या तिच्यावर बोटांचे ठसे शोधायचे आहेत.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझी भिंगरी

६ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

एका जागी न बसणारी तू काचेपुढे तासन्‌तास बसणार, हे ऐकून तुझे बाबा हसले आणि त्यांनी तुझं पत्र पुन्हा वाचायला घेतलं. अभिमान वाटला की त्यांचं असंच होतं.

पण पाण्यात ठसे राहतातच कसे गं? नुसत्या पाण्याने विसळलेल्या पेल्यावर तुझी तेलकट बोटं तशीच दिसायची आणि तू माझा ओरडा खायचीस. तसंच काही का? त्या ड्रायव्हरच्या घरी कोण आहे? वेळेवर जेवत जा, आणि आम्हा म्हाताऱ्यांना विसरू नकोस.

आत्या

११ मार्च

ती. आत्यास शि. सा. न.

अगदी तसंच. घाम पाण्यात जातो, तेलकटपणा राहतो. बाईंनी साबणाच्या पाण्यात कालवलेली काळी पूड ओल्या काचेवर फवारली आणि वरून हलकेच पाणी सोडलं. बाकीची पूड वाहून गेली, बोटांच्या तेलावरची तेवढी चिकटून राहिली. काय हात आहे त्यांचा! मी बघतच राहिले.

काचेच्या वरच्या कडेवरून आत वळलेली आठ बोटं उमटली, टोकं खाली. ड्रायव्हरचीच. काच अपघाताच्या सकाळीच साबणाने धुतलेली होती, असं मालकांच्या घरचेच सांगतात, म्हणजे ठसे जुने नव्हेत. काल तो सुटला. घरी त्याची आई आहे, तीच न्यायला आली होती.

त्या बोटांच्या जरा खाली, आतल्या बाजूने, मालकांचा अख्खा पंजा होता. ड्रायव्हरला सगळ्यांत जास्त बोल लावले होते ते मालकांच्या पत्नीने. बाईंनी त्यांना फोटो दाखवला. दोघांच्या ठशांमधल्या जागेवर त्या बराच वेळ बोट ठेवून बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, म्हणजे हे एकटे नव्हते.

आत्या, आज तुझ्याजवळ यावंसं वाटतंय.

तुझी भिंगरी