क्रेश खात्याचा हेड

नरडाणा,
ता. २० नोव्हेंबर १९३५

तीर्थस्वरूप अक्कास सुपडूचा नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे मी एकटाच, पण मी पुष्कळ खुशाल आहे. रुपचंदभाऊ, तुम्ही अक्काचे थोरले दीर, आणि दाजी गेल्यापासून घरात वाचता येणारे एकटेच, म्हणजे हे पत्र नेहमीप्रमाणे तुम्हीच अक्काला वाचून दाखवत असाल. तुम्हालाही नमस्कार, आणि एक विनंती, की मधलं काही गाळू नका. मागच्या पत्रात मी तांबड्या म्हशीची खुशाली विचारली होती. तिचं काही उत्तर आलं नाही, त्यावरून मी काय ते समजलो.

आता तू म्हणशील, सुपडू सुरतेला होता तो नरडाण्याला कसा? मी सुरतेहून जळगावकडे येत होतो. नरडाण्याला स्टेशनावर एक माणूस मिरचीची भजी तळत होता. मी खाली उतरलो. भजी चांगली होती, म्हणून आणखी घेतली. तेवढ्यात गाडी गेली. गाडीत माझं काही नव्हतं, एक घोंगडी तेवढी होती, ती आता भुसावळला पोचली असेल. त्या भजीवाल्याकडे एक पोपट आहे, तो गार्डासारखी शिट्टी मारतो आणि लोक गाडी सुटली म्हणून पळतात. पण ते असो.

स्टेशनाला लागून रतिलालशेठची जिनिंग फॅक्टरी आहे. इथे तिला नुसतं जीन म्हणतात. कपास आत जातो, रुई एकीकडे निघते, सरकी एकीकडे. मी दारात उभा राहून बघत होतो तर जीवराम मुनीम हातात एक इंग्रजी कागद घेऊन आले आणि म्हणाले, मशिनचं काही येतं का? मी म्हटलं, सुरतेला गिरणीत तेल घालत होतो. ते म्हणाले, सरकारने नवा फॅक्टरी कायदा केला आहे, पन्नासांवर बाया कामाला असतील तिथे क्रेश नावाचं खातं पाहिजे, नाहीतर खटला. मी विचारलं, क्रेश म्हणजे काय? ते म्हणाले, सरकी भरडायचं काहीतरी असणार. मग त्यांनी विचारलं, कधी चालवलं आहेस का? मी म्हटलं, थोडंफार.

अक्का, मी आता क्रेश खात्याचा हेड आहे. गोदामाला लागून एक लांबट पडवी मला दिली आहे. मी ती झाडून चुना मारला, मशिनसाठी दगडी ओटा बांधून घेतला, आणि तेलाचा डबा भरून ठेवला आहे. मशिन मुंबईहून यायचं आहे. आलं की तुला कळवतो.

तुझा,
हेड सुपडू

*

नरडाणा,
ता. १५ डिसेंबर १९३५

तीर्थस्वरूप अक्कास नमस्कार.

मशिन आलं. एक नाही, अकरा आली. सगळी रडतात.

झालं असं की मुंबईहून फॅक्टरी इन्स्पेक्टरसाहेब आले. शेठ, मुनीम, साहेब, सगळे माझ्या पडवीत. साहेब म्हणाले, क्रेश दाखवा. मी ओटा दाखवला आणि तेलाचा डबा पुढे केला. साहेब डब्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले, ते इतके की टोपी पडली आणि मीच ती उचलून दिली. मग त्यांनी सांगितलं की क्रेश म्हणजे कामावरच्या बायांची तान्ही पोरं ठेवायची खोली.

मुनीमजींनी कागद उलटा करून पाहिला. शेठनी मुनीमजींकडे पाहिलं.

साहेब गेल्यावर शेठचा हिशेब सरळ होता. पन्नासांच्या वर बाया असल्या तरच कायदा लागतो. आपल्याकडे साठ. तर पोरंवाल्या अकरा जणींना घरी बसवा, कायदाही घरी बसेल. शेठ वाईट माणूस नाही, अक्का. मुंग्यांना साखर घालतो. पण पोरांसाठी खोली, बाई, दूध, म्हणजे त्याला वाटलं सरकार त्याच्या जिनात बारसं करायला निघालं.

त्या अकरांत भिकुबाई आहे. उंच, जिनावर कपास टाकण्यात तिचा हात सगळ्यांत जलद. तिचं पोर आजवर कपाशीच्या ढिगावर निजत होतं. सगळ्यांचीच निजत. नाकात रुई जाऊन खोकत, आणि आई एक कान जिनाकडे, एक कान ढिगाकडे ठेवून काम करी. भिकुबाईने हिशेब ऐकला, पोर उचललं, सरळ पडवीत आली आणि माझ्या हातात दिलं. शेठला म्हणाली, “खोली शे, माणूस शे, मंग घर का बसाडतस? जासूत ते बठ्ठ्याच जासूत.”

बठ्ठ्या म्हणजे साठही जणी गेल्या तर भर हंगामात जीन बंद. शेठ म्हणाला, बरं, साहेब संक्रांतीच्या सुमारास परत येणार आहेत, तोवर चालवून बघू. साहेबांच्या मनासारखं झालं नाही तर अकरा जणी जातील.

म्हणजे बघ, अकरा बायांचा हंगाम माझ्यावर. मी आजवर कशाचाच भार घेतला नव्हता.

पहिल्या दिवशी एकाला झोपवावं तर दुसरं उठे. अकरा झोळ्या, आणि मला हात दोन. मी घामाघूम. मग मला तू आठवलीस. आई गेली तेव्हा मी एवढासाच होतो. तू जात्यावर बसायचीस आणि माझ्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचीस. दळण चालू, पाय चालू, सुपडू गप्प. मला ते आठवतंय असं मी म्हणालो तर रुपचंदभाऊ हसतील, पण मला आठवतं. तुझ्या पायाची एक खास गाठ होती, ओढली तरी रुतायची नाही.

मग म्हटलं, इथे एवढं मोठं इंजिन दिवसभर पाय हलवतंय. त्याच्या अंगठ्याला दोरी बांधायला काय हरकत?

अकरा झोळ्या एका बांबूला बांधल्या. बांबूची दोरी भिंतीच्या भोकातून नेऊन इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, चाकाला अडकवली. आधी झोळीत पोर न घालता सरकीचं पोतं घातलं, हे बरं झालं, कारण सरकी पडवीभर उडाली आणि पोतं मुनीमजींच्या मांडीवर गेलं. मग दुसरं चाक शोधलं, पाण्याच्या पंपाचं, मोठं आणि आळशी. ते अगदी तुझ्यासारखं हलवतं. अकरा झोळ्या एकदम जातात, एकदम येतात. अकरा पोरं झोपली. मी तेलाचा डबा उशाला घेऊन पडलो आणि मीही झोपलो.

गावातून लोक बघायला येतात. शेठ रोज दुपारी येतो, कायदा बघतो म्हणतो, आणि अर्धा तास डुलक्या घेतो. परवा शेठाणीने निरोप धाडला की घरच्या नातवासाठी असं एक इंजिन मिळेल का.

म्हैस कशी आहे?

तुझा,
सुपडू

*

नरडाणा,
ता. १८ जानेवारी १९३६

तीर्थस्वरूप अक्कास नमस्कार, आणि तिळगूळ. तिळगूळ कागदाला चिकटला तर कागद चाटावा.

साहेब आले. झोळ्या पाहिल्या, खूश झाले, मग दोरी कुठून येते ते पाहिलं आणि चेहरा बदलला. म्हणाले, फिरत्या चाकाला कठडा पाहिजे आणि पोरांच्या खोलीत चाकाची दोरी तर मुळीच नको. आत्ता कापा.

मी फार भांडलो. म्हटलं, तुमच्याच कायद्याने खोली मागितली, खोलीत मी नवं काही केलं तर तुमचाच कायदा कापतो. साहेब शांतपणे म्हणाले, “या दोरीत एखाद्या पोराचा हात गेला तर तू त्या चाकाला थांब म्हणशील का?”

मी विळा शोधायला लागलो. कारण दोनच दिवसांपूर्वी मुनीमजींचं उपरणं त्या दोरीबरोबर भिंतीपलीकडे गेलं होतं. उपरणंच गेलं म्हणून आम्ही सगळे हसलो होतो.

दोरी मीच कापली. अकरा पोरं एकदम उठली. साहेब त्या आवाजात उभे राहून वहीत काहीतरी लिहीत होते, पण पेन्सिल एकाच शब्दावर फिरत होती. म्हणाले, दोंडाईच्याला जाऊन चार दिवसांनी परत येतो.

चार दिवस. शेठ पडवीत आला नाही. भिकुबाई पोर माझ्या हातात देताना आधी त्याचा मुका घेई, मग देई. आधी ती तसं करत नसे.

मी दारात बसून राहिलो. पडवीच्या तोंडाशी गोदामातून जिनाकडे जायचं एक दार आहे. डोक्यावर कपाशीची पाटी घेऊन बाया तिथून जातात, रिकामी पाटी घेऊन परत येतात. हात पाटीला, म्हणून दार कमरेने ढकलायचं. दगडाचं वजन लावलेलं आहे, त्याने ते आपोआप मागे येतं. ढकल, मागे. ढकल, मागे. मी अर्धा दिवस ते नुसतं बघत होतो, आणि मनात त्या पोपटाचा विचार चालला होता, की त्याला शिट्टी कोणी शिकवली असेल. मग एकदम उठलो.

बांबूची दोरी दाराला बांधली.

आता एक बाई दारातून गेली की अकराही झोळ्या हलतात, अक्का. जी जाते ती सगळ्यांच्याच पोरांना झोका देते. ज्यांना पोर नाही त्याही देतात. म्हातारी झुगाबाई, जिची पोरं कधीच मोठी झाली, ती उगाच रिकामी पाटी घेऊन दोनदा जास्त जाते. पाट्याही जास्त जायला लागल्या. शेठने ते मुनीमजींच्या आधी ओळखलं, आणि परत डुलक्या घ्यायला यायला लागला.

साहेब आले. दाराला शाफ्ट नाही, पट्टा नाही, चाक नाही. त्यांनी आपलं कायद्याचं पुस्तक पुढून मागून पाहिलं. दाराबद्दल काही नव्हतं. मग त्यांनी पुस्तक बगलेत धरलं आणि दार कमरेने ढकलून पाहिलं. परत ढकललं. मला वाटतं, त्यांना घरी पोरं असावीत.

आता मुख्य गोष्ट. रुपचंदभाऊ, इथे जरा पाणी प्या.

साहेब म्हणाले, सगळं ठीक, पण खोलीवर जबाबदार बाई पाहिजे. या महिन्याअखेर बाई रुजू झाली नाही तर खोली मंजूर नाही. शेठने माझ्याकडे पाहिलं. खोली नामंजूर म्हणजे त्याचा जुना हिशेब पुन्हा बाहेर, आणि अकरा जणी घरी. इथल्या सगळ्या धडधाकट बाया हंगामाच्या कामावर आहेत. भिकुबाईची सासू एक दिवस बसली, तर ती पोरांच्या आधी झोपली. पण खरं सांगायचं तर मी फार शोधलंही नाही. साहेबांनी पेन्सिल काढून विचारलं, बाई आहे का कोणी? आणि मी म्हणालो, आहे.

नाव?

मी म्हटलं, सुंदरबाई, राहणार जामनेर. अनुभव विचारला. मी म्हटलं, एक पोर जात्यावर बसून वाढवलंय, ते तुमच्यासमोर उभं आहे.

त्यांनी लिहून घेतलं.

तर रुपचंदभाऊ, अक्काचं नाव आता सरकारी वहीत लागलं आहे. सरकारी वहीतलं नाव खोडणं किती अवघड असतं ते तुम्ही पोलीस पाटलांचे मेव्हणे, तुम्हाला मी काय सांगू? पगार आहे, राहायला खोली आहे, आणि म्हशीचं दूध काढायला तुम्हाला दोन दांडग्या सुना आहेत.

अक्का, आता हे फक्त तुला. भाऊ वाचतीलच, वाचू देत. मागच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे बारसं होतं तेव्हा मी आलो होतो. पुढच्या खोलीत बाया पाळणा म्हणत होत्या आणि तू मागे जात्यावर होतीस. कोणी तुला बस म्हणालं नव्हतं आणि ये म्हणालंही नव्हतं. जातं चालू होतं. मी चौकटीत उभा राहून पाहिलं, तुझा उजवा पाय त्या गाण्याबरोबर हलत होता. अंगठ्याला काही बांधलेलं नव्हतं.

इथे अकरा झोळ्या आहेत. इथे कोणी विचारत नाही की तुझं कोणतं.

पण सरकारी वहीत नाव लागलं म्हणून येऊ नकोस. माझ्या बोलण्यावर कोणी यावं असा माणूस मी नाही, हे तुला ठाऊक आहे. पाकिटात दोरीचा एक तुकडा ठेवला आहे, पंपाच्या चाकाची कापलेली तीच. यायचं नसेल तर तशीच परत पाठव, मी साहेबांना काहीतरी सांगेन. यायचं असेल तर तुझी ती गाठ मारून पाठव. ती अजून तुला येते का, हेही मला कळेल.

तुझा, जन्मताच सुपात घातलेला आणि अजून न पाखडलेला,
सुपडू

*

नरडाणा,
ता. २७ जानेवारी १९३६

तीर्थस्वरूप अक्कास,

दोरी मिळाली.

मी ती भिकुबाईला दाखवली. तिने गाठ ओढून पाहिली, परत ओढून पाहिली आणि म्हणाली, “हाई गाठ रुतस नही.” मग ती दारातून मुद्दाम जोरात गेली, आणि अकराही झोळ्या गोदामाच्या भिंतीपर्यंत जाऊन आल्या. एकही पोर उठलं नाही.

रुपचंदभाऊंचं पत्र सोबत होतं. दीड पान सरकारबद्दल आहे, की कायदे करणाऱ्यांनी लोकांच्या घरातली माणसं उचलून न्यायला सुरुवात केली. पण खाली, सहीच्या जवळ, त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं आहे की सुंदरबाई आवराआवर करू लागल्यापासून तांबडी म्हैस चारा नीट खात नाही. म्हशीची खुशाली शेवटी आली म्हणायची. भाऊ, तुमचा मी आभारी आहे. हे वाक्यही गाळू नका.

जामनेरहून पाचोऱ्याला छोट्या गाडीने ये. पाचोऱ्याहून जळगावला, तिथे गाडी बदलायची आणि सुरतेच्या लाइनीला बसायचं. अमळनेर गेलं की उठून दाराशी उभी राहा. नरडाण्याला गाडी फार थांबत नाही. पोपट शिट्टी मारेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. मी फलाटावरच असेन, भजी घेऊन.

मी इथे उतरलो आणि माझी गाडी चुकली. तू उतर, आणि गाडीला खुशाल जाऊ दे.

तुझं सगळ्यांत पहिलं पोर,
सुपडू